‘पुन्हा पडल्या तर?’

दवाखान्यातून घरी आणलेलं माणूस पुन्हा पडलं तर काय, ही चिंता समुपदेशक म्हणून माझ्याकडे रुग्णापेक्षा त्याचं करणारेच जास्त घेऊन येतात. सुना, लेकी, बायका, कधी एखादा मुलगा. पण थेट असं कुणी बोलत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पोरांवर उगाच ओरडते, इथून सुरुवात होते. देवगड तालुक्यातल्या एका वाडीतली ही सून अशीच आली होती. (तिची परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तिच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. वाडीत सगळे त्यांना काकी म्हणतात. पावसाच्या तोंडी परसातल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यात त्यांना लगेच वॉकर देऊन उभं केलं होतं. घरी सोडताना, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं चालवा, असं डॉक्टरांनी बजावलंही होतं. पण घरी आल्यावर वॉकर दाराआड गेला. पावसाळा सरू दे, मग बघू, असं ठरलं. नवरा दिवसभर रिक्षावर, धाकटे दीर मुंबईला. म्हणजे घरात त्या दोघीच.

मी घरी गेले तेव्हा माजघरात काकींची खाट होती आणि खाली हिची चटई. खाटेच्या कठड्याला जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी लोंबत होती. कशाला म्हणून विचारलं तर आधी गप्प बसली, मग म्हणाली, “रात्री त्यांच्या मनगटाला बांधते मॅडम, दुसरं टोक माझ्या हाताला. उठल्या की मला कळतं.” काकी भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या. तशाच म्हणाल्या, “मी पडान म्हणान ही माका उठूकच देना नाय.”

त्या पट्टीमागे माया होती, यात मला शंका नाही. पण अर्धवट झोपेत उठणाऱ्या माणसाचा हात बांधलेला असेल तर तोल जाताना त्याला सावरताही येत नाही. खाटेवर पडून राहण्याची गोष्टही तशीच. तब्येतीने धडधाकट असलेल्या म्हाताऱ्या माणसाला दहा दिवस अंथरुणावर ठेवलं तरी मांड्यांची ताकद लक्षात येण्याइतकी उतरते. काकी तर आठवडेच्या आठवडे झोपून होत्या. पडू नये म्हणून चालणं बंद केलं, चालणं बंद झाल्याने पाय गेले, आता उभ्या राहिल्या की खरोखरच लटपटतात. मग सून म्हणते, बघा, मी सांगत नव्हते? ही अशी घरं मी सतत बघते, आणि दर वेळी जीव तुटतो, कारण करणारी बाई मनापासून करत असते.

दुसऱ्या भेटीत मी तिला विचारलं, “काकी पडल्या असं मनात आलं, की पुढे डोळ्यांसमोर काय येतं?” मला वाटलं, रक्त, फ्रॅक्चर, पुन्हा ऑपरेशन असं काही सांगेल. ती म्हणाली, “भावोजींचा फोन. तू कुठे होतीस, म्हणून विचारतील. पहिल्यांदा पडल्या तेव्हा मी चुलीवरची पेज बघत होते. तेव्हाही तेच विचारलं होतं. शेजारच्या आल्या त्यासुद्धा, सून घरात असून पडलीच कशी, म्हणाल्या.” आणि मग ती खूप रडली.

माझ्या मते या चिंतेचं मूळ बहुतेक घरांत इथेच असतं. पडण्याच्या भीतीत बोल लागण्याची भीती मिसळलेली असते, आणि तिला कठडा बसवून उपयोग होत नाही. पासष्टी ओलांडलेल्या दर तीन-चार माणसांत एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. आजारातून उठलेल्यांना, दवाखान्यातून नुकतंच घरी आलेल्यांना धोका आणखी जास्त. पडणं कमी करता येतं, पडल्यावरची इजा कमी करता येते, पण ‘कधीच पडणार नाहीत’ याची हमी चोवीस तास नर्स ठेवूनही देता येत नाही. मग ती एकट्या सुनेकडून का मागायची?

म्हणून मी दिरांना व्हिडिओ कॉलवर बसवलं, नवऱ्यालाही. दीर वाईट माणूस नव्हता. लांब राहून काही करता येत नाही याची टोचणी त्यालाही होती, ती प्रश्नांच्या रूपाने वहिनीवर निघत होती. मी त्याला एकच सांगितलं, जे मनात आहे ते तिला ऐकू येईल असं बोला. थोडा वेळ गेला. मग म्हणाला, “वहिनी, आई पुन्हा पडली तरी ती तुमची चूक नसेल.” दुपारचे दोन तास वाडीतली एक बाई ठेवायचं ठरलं, पैसे त्याने द्यायचे.

त्यानंतरच घराकडे बघणं सोपं झालं. मी तिला दिवसभराची भीती तासांवर मांडायला लावली. दिवसभर भीती वाटते असं ती म्हणत होती, पण मांडल्यावर दोनच ठिकाणं उरली, मागचा उंबरठा ओलांडून न्हाणीत उतरायची पायरी आणि रात्रीचं लघवीला उठणं. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात चिऱ्यावर शेवाळ धरणारच. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने पायरी घासली, तिच्यावरचं गोणपाट काढलं (ओलं गोणपाट पायाखाली गोळा होतं, त्यावर भरवसा नको), कडेला पाइपचा कठडा आला. रात्रीसाठी खाटेजवळ कमोडची खुर्ची, वीज गेली तर हाताशी बॅटरी आणि उशाला देवघरातली घंटा. लुगड्याची पट्टी त्याच दिवशी सुटली.

उपकेंद्रातल्या सिस्टरांनी काकींचा रक्तदाब आडवं असताना आणि मग उभं करून मोजला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला तर त्याची दखल घ्यावी लागते. काकींचा उतरत होता. डॉक्टरांनी गोळ्यांचे डोस बदलले, लघवीची गोळी संध्याकाळची सकाळी केली. हे घरच्या घरी कुणी करू नये, पण डॉक्टरांना विचारायला मात्र विसरू नये. उठताना आधी खाटेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, ही सवय काकींना लागली.

फिजिओथेरपिस्टने सुनेला धरायचं कसं ते शिकवलं. हाताला धरून ओढायचं नाही. दुखऱ्या बाजूला, किंचित मागे उभं राहायचं, हात काकींच्या कमरेच्या पट्ट्यावर. आणि तोल गेलाच तर उचलून धरायचा प्रयत्न न करता आपल्या अंगाच्या आधाराने हळूच खाली बसवायचं. हे शेवटचं तिने माझ्यासमोर पुन्हा पुन्हा करून बघितलं. पडल्यावर काय करायचं ते हातांना ठाऊक झालं, तशी तिची धडधड उतरली. मी कितीही बोलले असते तरी ते साधलं नसतं.

गणपतीच्या आधी काकी खरंच पडल्या. माजघरातून ओटीवर येताना गुडघा वाकला आणि त्या सुनेच्या अंगावरून घसरत जमिनीवर बसल्या. तिने ओढून उठवलं नाही. डोकं आपटलं का, खुबा दुखतो का, पाय वाकडा किंवा आखूड दिसतो का, हे आधी बघितलं. यातलं काही असतं, किंवा काकींना रक्त पातळ करायची गोळी चालू असून डोकं आपटलं असतं, तर न हलवता १०८ ला फोन करायचा हे तिला पाठ होतं. तसं काही नव्हतं. शेजारणीला हाक मारली, खुर्ची आणली, दोघींनी मिळून उठवलं. मग भावोजींना तिने स्वतःच फोन लावला. त्यांनी विचारलं, “तुम्हाला लागलं नाही ना?”

काकी त्याच संध्याकाळी पुन्हा ओटीपर्यंत चालल्या.

रुग्ण शांत झोपलेला असूनही तुम्ही रात्रभर जागे असाल, त्याच्या प्रत्येक हालचालीला दचकत असाल, घराबाहेर पडणं टाळत असाल, आणि हे दोन-तीन आठवडे असंच चाललं असेल, तर जवळच्या समुपदेशकाकडे जा. तेवढं शक्य नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फोन लागल्यावर रुग्णाची हकिगत थोडक्यात सांगा आणि मग तुम्हाला काय होतंय ते सांगा.