शिरोलीच्या फाउंड्रीला ‘ओपन इनोव्हेशन’ कशाला?

भावा, तुझा प्रश्न असा की ‘कलेक्टिव्ह इंटेलिजन्स’ (अनेकांची अक्कल एकत्र लावणं), ‘ओपन इनोव्हेशन’ (अडचण बाहेरच्यांपुढं उघड मांडून उत्तर शोधणं) हे सॉफ्टवेअर आणि औषध कंपन्यांचे लाड. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीला, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याला, त्याचा काय उपयोग, आणि पंप बॉडीच्या गळतीसारखी अडचण चारचौघांत लिहून मांडली तर गुपितं फुटणार नाहीत का? २२ वर्षं भट्टीजवळ काढलीत, त्या हिशेबानं सांगतो.

पावसाळा लागला की आमचं ब्लोहोलचं, म्हणजे कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) वायू अडकून पडणाऱ्या पोकळ्यांचं, रिजेक्शन वाढायचं. वाळू बदलली, व्हेंट (वायू बाहेर जायची भोकं) वाढवले, मेल्टिंगवाल्याला झापलं. एकदा राजारामपुरीत चहा पिताना ओळखीच्या बेकरीवाल्याजवळ विषय निघाला. म्हटलं, वाळूचे कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळ जागा घडवणारे ठोकळे) गॅस मारून कडक करतो, रात्रभर रॅकवर ठेवतो, सकाळी साच्यात बसवतो. तो म्हणाला, “पावसात टोस्ट उघड्यावर ठेवायचा आणि मऊ पडला की मैद्याला शिव्या घालायच्या होय?” कोअर दमट हवा ओढत होते, वितळलेलं लोखंड पडलं की त्या ओलाव्याची वाफ कास्टिंगमध्ये अडकायची. आता पावसाळ्यात लागतील तेवढेच कोअर करतो, उरलेले बल्ब लावलेल्या बंद कपाटात. रिजेक्शन शून्यावर आलं नाही, पण निम्मी भांडणं मिटली.

मोठ्यांचंही असंच. अलास्कात समुद्रातून गोळा केलेलं तेल थंडीत इतकं घट्ट व्हायचं की बार्जमधून (सपाट मालवाहू बोटीतून) उपसता येईना. २००७ मध्ये ही अडचण २०,००० डॉलरचं बक्षीस लावून जगापुढे ठेवली. उत्तर तेलवाल्यानं दिलं नाही. काँक्रीटच्या कामाची माहिती असलेल्या माणसानं दिलं: स्लॅब ओतताना व्हायब्रेटर लावतात, तसा इथं लावा.

आता गुपितांचं. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या खाणींत १८११ पासून दर महिन्याला छापून यायचं की कुठल्या वाफेच्या इंजिनानं ठरावीक कोळशात किती पाणी उपसलं. पुढच्या काही दशकांत तिथल्या इंजिनांची कार्यक्षमता दुपटीहून जास्त वाढली. पण त्या मालकांचा धंदा तांब्याचा आणि कथलाचा होता, इंजिनं विकण्याचा नव्हता, म्हणून त्यांना उघड करणं परवडलं. तुझं पोट कशावर चालतं ते आधी ठरव, तेवढं झाक.

आणि मीटिंगमध्ये हेडमेस्त्रींना आधी बोलू देऊ नकोस. ते बोलले की बाकीचे नुसते “व्हय, व्हय”. १९०६ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या प्रदर्शनात बैल कापून साफ केल्यावर किती भरेल, याच्या ७८७ चिठ्ठ्या हिशेबात धरल्या होत्या. अंदाज चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध आलेला १,२०७ पौंड, खरं वजन १,१९८. प्रत्येकानं आपली चिठ्ठी आपणच लिहिली होती. आम्हीही आता आधी चिठ्ठ्या घेतो, मेस्त्रींची सगळ्यात शेवटी उघडतो. (सुरुवातीला रुसले होते.)

तुझ्या पंप बॉडीच्या गळतीबद्दल लिहिताना ग्राहकाचं ड्रॉइंग टाकू नकोस, ते तुझं नाहीच. भिंतीची जाडी, ओतायचं तापमान, रायझर (थंड होताना कास्टिंगला जादा लोखंड पुरवणारी साच्यातली जागा) कुठं आहे आणि पाणी नेमकं कुठून झिरपतं, एवढं टाक. ‘श्रिंकेज’ (थंड होताना लोखंड आक्रसून पडणारी पोकळी) हा शब्दही आत्ता नको. ते तुझं निदान झालं, अडचण नव्हे.