स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास? मधुमेह, छातीतील जळजळ आणि गुडघेदुखी असताना वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची निवड

तुमच्या प्रश्नातील माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुमचे वय 44, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा निर्देशांक) 41. आठ वर्षांपासून मधुमेह असून गोळ्यांवर साखर जेमतेम आटोक्यात राहते. रात्री आडवे झाल्यावर छातीत जळजळ होते आणि गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घ्याव्या लागतात. एका डॉक्टरांनी स्लीव्ह सुचवली, दुसऱ्यांनी बायपास, तिसऱ्यांनी मिनी बायपास, आणि यांपैकी कोणत्या शस्त्रक्रियेने सर्वांत जास्त वजन उतरते असे तुम्ही विचारले आहे.

मी शल्यचिकित्सक नाही. अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. शल्यचिकित्सकांचा रुग्णाशी संबंध बहुधा पहिल्या काही महिन्यांत दाट असतो. माझा मात्र त्यानंतर अनेक वर्षे टिकतो. कोणाला काय सोसले आणि कोणाला काय जड गेले, हे त्यामुळे जवळून दिसते. त्या अनुभवावरून सांगते, की सर्वांत जास्त वजन कशाने उतरते हा प्रश्न निवडीसाठी फारसा उपयोगाचा नाही. आपल्या शरीरात आधीपासून कोणते आजार आहेत आणि शस्त्रक्रियेनंतरची कोणती जबाबदारी आपण जन्मभर सांभाळू शकू, या दोन गोष्टींवर निवड ठरायला हवी.

वजनाचा हिशेब प्रथम उरकून घेऊ. फिनलंडमधील ‘स्लीव्हपास’ या अभ्यासात 240 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली होती. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाच वर्षांच्या निष्कर्षांनुसार स्लीव्ह झालेल्यांचे जादा वजनापैकी सरासरी 49 टक्के, तर बायपास झालेल्यांचे 57 टक्के वजन उतरले होते. म्हणजे जादा वजन 50 किलो असेल तर सरासरी फरक चार किलोंचा पडतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील अभ्यासात तर दोन्ही शस्त्रक्रियांमधील वजनाचा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. एकाच प्रकारची शस्त्रक्रिया झालेल्या दोन व्यक्तींमध्ये यापेक्षा कितीतरी मोठा फरक मी नेहमी पाहते. तेव्हा या चार किलोंसाठी निर्णय घेऊ नये.

तुमच्या बाबतीत खरा पेच छातीतील जळजळीचा आहे. स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या वळणाकडील सुमारे 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि अरुंद नळीसारखा भाग उरतो. आतड्याला हात लावला जात नाही, शरीरात कुठेही नवा जोड तयार होत नाही, आणि भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने ज्या भागात तयार होते तोच भाग निघून जात असल्याने पहिले काही महिने भूक विलक्षण कमी होते. तुम्हाला ती ‘सोपी’ वाटली ती यामुळेच. पण फुगा मोठा असताना त्यातील दाब कमी असतो आणि तोच लांबट, चिंचोळा केला की दाब वाढतो, तसे या नळीचे होते. त्यातच अन्ननलिका जठराला मिळते तिथला नैसर्गिक कोन या शस्त्रक्रियेत बिघडू शकतो, आणि आम्ल वर येऊ न देणारी व्यवस्था दुबळी होते. ज्यांना आधी जळजळ नव्हती अशा काहींना ती नव्याने सुरू होते. स्लीव्हपासच्याच रुग्णांची दहा वर्षांनी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून तपासणी, केली तेव्हा अन्ननलिकेला आम्लामुळे सूज आल्याचे प्रमाण स्लीव्ह गटात 31 टक्के आणि बायपास गटात 7 टक्के आढळले. हे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले आहेत. याच कारणासाठी काही जणांना पुढे स्लीव्हचे रूपांतर बायपासमध्ये करून घ्यावे लागते, म्हणजे पोटावर दुसरी मोठी शस्त्रक्रिया आलीच.

त्यामुळे तुमची एंडोस्कोपी झाली आहे का, हा माझा तुम्हाला पहिला प्रश्न आहे. प्रश्नात तिचा उल्लेख नाही. अन्ननलिकेला सूज आहे का, तिच्या अस्तरात ‘बॅरेट’ म्हणून ओळखला जाणारा बदल झाला आहे का, आणि जठराचा भाग छाती आणि पोट यांमधील पडद्यातून वर सरकला आहे का, म्हणजे हायटस हर्निया आहे का, हे पाहिल्याशिवाय तुमच्यासारख्या रुग्णाला स्लीव्ह सुचवणे मला घाईचे वाटते. बॅरेट आढळला तर बहुतेक तज्ज्ञ स्लीव्ह टाळायलाच सांगतात.

बायपासचे तंत्र वेगळे आहे. जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे 30 मिलीलिटर मावेल एवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचे एक टोक वर आणून तिला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, फक्त अन्न त्यातून जात नाही. त्यातले पाचकरस आणि पित्त खाली दुसऱ्या जोडापाशी अन्नाला येऊन मिळतात. वरच्या छोट्या पिशवीत आम्ल फारच थोडे तयार होते आणि पित्तही तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, म्हणून जळजळ असलेल्यांना बायपासने बहुधा आराम पडतो. मधुमेहावरही तिचा परिणाम ठळक असतो. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचल्याने जीएलपी-1सारखी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात आणि वजन फारसे उतरण्याआधीच साखर खाली येऊ लागते. इतकी, की इन्सुलिन किंवा ठरावीक प्रकारच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचे डोस रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच कमी करावे लागतात, नाहीतर साखर धोकादायकरीत्या उतरते. मात्र अपेक्षा वाजवी ठेवावी. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॅम्पीड’ अभ्यासात पाच वर्षांनंतर एचबीए1सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 6.0 किंवा त्याखाली असलेल्यांचे प्रमाण बायपासमध्ये 29 टक्के, स्लीव्हमध्ये 23 टक्के आणि केवळ औषधोपचारांत 5 टक्के होते. दोन्ही शस्त्रक्रिया औषधांपेक्षा सरस ठरल्या. दोघींमधला फरक त्यामानाने लहान आहे. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनची गरज जितकी अधिक, तितकी तो पूर्ण माघारी जाण्याची शक्यता कमी होते. तुमची आठ वर्षे आणि केवळ गोळ्या ही स्थिती मधली आहे, आणि अशा मधल्या स्थितीत बायपासकडे झुकणारे तज्ज्ञ बरेच आहेत.

इथपर्यंत वाचून निर्णय झालाच असे वाटेल, पण गुडघ्यांच्या गोळ्यांची एक ओळ तुम्ही सहज लिहून गेला आहात आणि माझ्या मते ती तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. बायपासमध्ये पिशवी आणि आतडे यांचा जो जोड असतो, तिथे व्रण होऊ शकतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि धूम्रपान ही त्याची दोन मोठी कारणे आहेत. असा व्रण कधी रक्तस्राव करतो, तर कधी फुटतो. म्हणून बायपासनंतर या गोळ्या जन्मभर टाळायला सांगतात. दुखणे झिजलेल्या गुडघ्यांचे असेल तर वजन उतरल्यावर ते बरेच हलके होते, आणि मधल्या काळात पॅरासिटामॉल, व्यायामोपचार यांवर भागवता येते. पण ते झिजेचे नसून सांध्यांना सूज आणणाऱ्या, ऱ्हुमॅटॉइडसारख्या संधिवाताचे असेल आणि या गोळ्यांवाचून गत्यंतर नसेल, तर स्लीव्हचे पारडे पुन्हा जड होते. आतड्याचा क्रोन्ससारखा आजार, पूर्वीच्या शस्त्रक्रियांमुळे एकमेकांना चिकटलेली आतडी, किंवा ज्यांचे शोषण अचूक व्हायलाच हवे अशी औषधे, याही स्लीव्हकडे नेणाऱ्या गोष्टी आहेत.

आता माझ्या रोजच्या कामातली गोष्ट. बायपासनंतर लोह, बी-12, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचे शोषण कमी होते, कारण ते जिथे व्हायचे तो आतड्याचा भाग आणि त्यासाठी लागणारे जठरातील आम्ल हे दोन्ही वाटेतून बाजूला झालेले असतात. पूरक गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि रक्ततपासणी पहिल्या वर्षी अनेकदा, पुढे निदान वर्षातून एकदा करावी लागते. माझ्याकडे एक गृहस्थ बायपासनंतर दीर्घकाळाने आले. जिन्याच्या एका मजल्यावर धाप लागत होती, नखे पांढरी पडली होती, तळपायांना मुंग्या येत होत्या. वजन उत्तम उतरले होते, साखर व्यवस्थित होती, आणि ‘सगळे छान चालले आहे, मग गोळ्या कशाला’ म्हणून दुसऱ्याच वर्षी त्यांनी त्या बंद केल्या होत्या. हिमोग्लोबिन आणि बी-12 दोन्ही तळाला गेले होते. रक्त लवकर सुधारले, मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत, कारण बी-12 अभावी नसांना झालेली इजा प्रत्येक वेळी भरून निघत नाही. ही शस्त्रक्रिया निवडताना आपण गोळ्यांची एक रोजची शिस्तही निवडत असतो, आणि मी प्रत्येकाला हे शस्त्रक्रियेआधीच सांगते. स्लीव्हनंतरही पूरके लागतात. कमतरतेचा धोका तुलनेने कमी असतो इतकेच. शस्त्रक्रिया कोणतीही असो, उलट्या थांबत नसतील तर बी-1 जीवनसत्त्वाची कमतरता काही आठवड्यांतच मेंदू आणि नसांवर घाला घालू शकते, तेव्हा ‘होईल बरे’ म्हणून घरी थांबू नये.

सुरुवातीच्या दिवसांचेही थोडे सांगते, कारण त्याची कल्पना फार थोड्यांना असते. पहिल्या दिवसांत आम्ही रुग्णाच्या हाती औषधाचा 30 मिलीलिटरचा छोटा कप देतो आणि त्यातले पाणी पंधरा मिनिटांत घोटाघोटाने संपवायला सांगतो. एरवी एका दमात ग्लास रिकामा करणारी माणसे त्या कपाकडे बघत बसतात. पुढे काही आठवडे पातळ, मग मऊ, मग नेहमीचे अन्न असा क्रम असतो. रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत आणि जेवताना पाणी टाळावे लागते. हे स्लीव्ह आणि बायपास दोन्हींत जवळजवळ सारखेच. बायपासमध्ये एक जास्तीची गोष्ट म्हणजे गोड पदार्थ पटकन आतड्यात उतरल्याने धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब असा ‘डंपिंग’चा त्रास होऊ शकतो. मद्यही फार लवकर चढते आणि त्याचे व्यसन लागण्याचा धोका वाढतो. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

तिसऱ्या डॉक्टरांनी सुचवलेल्या मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो. शस्त्रक्रिया लवकर आटोपते आणि वजन उतरण्यात ती कमी पडत नाही. फ्रान्समधील ‘योमेगा’ अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2019 साली आले, दोन वर्षांनी वजनाच्या बाबतीत ती नेहमीच्या बायपासच्या तोडीची ठरली, पण जुलाब आणि पोषणाच्या गुंतागुंती तिच्यात अधिक आढळल्या. शिवाय आतड्याची रचना अशी असते, की पित्त पिशवीत आणि तिथून अन्ननलिकेत वर येऊ शकते. आधीच जळजळ असलेल्या माणसासाठी ती माझी पहिली पसंती नसेल.

बाकी पर्यायांवर फार वेळ घालवण्याची तुम्हाला गरज नाही. जठराभोवती बसवायचा पट्टा सरकणे, रुतणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे यांमुळे मागे पडला आहे. ड्युओडेनल स्विचने, म्हणजे जठर लहान करून लहान आतड्याचा बराच मोठा भागही वगळणाऱ्या शस्त्रक्रियेने, वजन सर्वांत जास्त उतरते आणि कुपोषणाचा धोकाही त्यातच सर्वाधिक असतो. बीएमआय 50 च्या वर असेल तर त्याचा विचार होतो. जठरात ठेवायचा फुगा तात्पुरता असतो आणि तो काढल्यावर वजन परत येण्याकडे कल असतो. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड यांसारखी नवी औषधे खरोखर प्रभावी आहेत, पण बंद केल्यावर उतरलेल्या वजनातील बराचसा भाग परत येतो. तुमची साखर आणि वजन पाहता शस्त्रक्रियेपूर्वी त्यांबद्दलही विचारणे योग्य ठरेल.

इतर वाचकांसाठी एक नोंद: 2022 साली एका अमेरिकी आणि एका आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून सुधारलेल्या निकषांनुसार बीएमआय 35 किंवा अधिक असेल तर इतर आजार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस आहे, 30 ते 34.9 मध्ये चयापचयाचा आजार असेल तर विचार करावा असे म्हटले आहे, आणि आशियाई वंशाच्या लोकांना 27.5 पासून शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असे नमूद आहे.

तुम्ही मत विचारले आहे, तर माझे मत देते. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज, बॅरेट किंवा लक्षणीय हर्निया आढळला, गुडघ्यांचे दुखणे झिजेचे ठरले, आणि गोळ्या व तपासण्या जन्मभर सांभाळण्याची तुमची तयारी असेल, तर नेहमीचा दोन जोडांचा बायपास तुम्हाला सर्वांत योग्य वाटतो. अन्ननलिका अगदी स्वच्छ निघाली आणि वेदनाशामक गोळ्या सुटण्यासारख्या नसतील, तर स्लीव्ह, पण पुढे वेळोवेळी एंडोस्कोपी करत राहण्याच्या अटीवर. धूम्रपान करत असाल तर बायपास ठरवण्याआधी ते पूर्ण सुटलेले असावे.

पुढच्या भेटीला तुम्ही घेत असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव लिहून न्या, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की तुम्ही स्वतः कोणती शस्त्रक्रिया सर्वांत जास्त करता, माझ्या जळजळीचे काय होईल असे तुम्हाला वाटते, वेळ पडल्यास पुढची दुरुस्तीची शस्त्रक्रिया इथेच होईल का, आणि पाच वर्षांनंतर माझ्या रक्ततपासण्या कोण बघणार आहे. यांतल्या शेवटच्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळाले नाही, तर दुसरे केंद्र पाहा.