वडिलांना सीएलएल निघालाय आणि डॉक्टर औषधच देत नाहीत, असं कसं?

तुम्ही लिहिलंय वडील ६६ वर्षांचे, राहायला राजापूरकडे, हिंडतात फिरतात, आणि सीएलएल, म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा ब्लड कॅन्सर, निघूनही डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांनी रक्त तपासून या, बाकी काही नको. मग दुसऱ्या डॉक्टरकडे न्यावं का आणि खायला काय द्यावं. मी सहसा इथे नुसती वाचते, पण मला स्वतःला हाच आजार आहे, राहते देवगड तालुक्यात, आणि आजवर त्यासाठी एक गोळी घेतलेली नाही. तेव्हा हे लिहिणं भागच होतं.

माझा निघाला मोतीबिंदूमुळे. ऑपरेशनआधी रक्त दिलं तर लॅबवाला, माझाच जुना विद्यार्थी, संध्याकाळी फोन करून म्हणतो, बाई जरा परत या, मशीन गंडलंय वाटतं. मशीन ठीक होतं. पांढऱ्या पेशी ४२ हजार, त्यातल्या बहुतेक लिम्फोसाइट. मग मुंबई, फ्लो सायटोमेट्री म्हणजे पेशी नेमक्या कुठल्या ते ओळखायची रक्ततपासणी, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, सीएलएल आहे, स्टेज शून्य आहे, घरी जा.

घरी जा म्हणजे डोंबिवलीला दिराकडे, आणि तिथून खरा आजार सुरू झाला. भाऊजींच्या ऑफिसात कोणीतरी ब्लड कॅन्सरवाला आहे, तो रोज गोळी घेतो आणि कामाला येतो, मग हिला गोळी का नाय? जेवताना तेच, गाडीत बसवायला आले तेव्हा दादरच्या प्लॅटफॉर्मवर तेच. "वयनी, ह्यो कॅन्सर आसा, सर्दी न्हाय. नुसता बघीत रवान कसा चलतला?" आता तो ऑफिसवाला सीएमएलचा पेशंट. एका अक्षराचा फरक पण आजार वेगळा, त्यात गोळी लगेच सुरू करावीच लागते, इमॅटिनिब वगैरे, आणि २०१३ साली सुप्रीम कोर्टाने ती काढणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीला पेटंट नाकारलं म्हणून ती आपल्याकडे परवडते तरी. तुम्हीसुद्धा आधी वडिलांच्या रिपोर्टवर सीएलएलच लिहिलंय ना ते नीट बघा, घरातले अर्धे वाद तिथेच मिटतील.

आमचे नाही मिटले, कारण भाऊजींच्या डोक्यात गोळी नव्हती, बाग होती. सातबारा सामायिक, सासऱ्यांनी लावलेली हापूसची कलमं, रस्त्याला लागून जमीन. माझ्या आजाराची बातमी गावात पोचायच्या आत गिऱ्हाईक तयार. केमोला लाखो लागतील, आत्ताच विकून ठेवूया, वैनीच्या जिवापेक्षा बाग मोठी आहे का, असं भर गणपतीत चार माणसांत विचारलं. मी विचारलं कुठली केमो, कोणी लिहून दिलीय? उत्तर नाही. मग मीच फाईल काढून सगळ्यांसमोर वाचून दाखवली, शाळेत धडा वाचावा तशी.

त्यात होतं ते असं. स्टेज म्हणजे रायची स्टेज, १९७५ साली डॉक्टर कांती राय यांनी अमेरिकेत ठरवलेली, माणूस मूळचा जोधपूरचा. शून्य म्हणजे फक्त पेशी वाढलेल्या, पुढे गाठी, मग प्लीहा किंवा लिव्हर, मग हिमोग्लोबिन घसरतं, शेवटी प्लेटलेट. नुसत्या पांढऱ्या पेशींचा आकडा मोठा आहे म्हणून औषध सुरू करत नाहीत. हिमोग्लोबिन १० च्या खाली, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, गाठी खूप मोठ्या, सहा महिन्यांच्या आत लिम्फोसाइट दुप्पट, वजन उगाच उतरणं, किंवा रात्रीचा घाम, तो पण आपल्याकडे मे महिन्यात सगळ्यांनाच येतो तसला नव्हे, चादर पिळावी लागेल असला. यातलं काही झालं की उपचार. आणि लवकर औषध दिलं तर बरं होईल हे करून बघितलंय हो, फ्रान्समध्ये, १९९८ ला छापून आलं, लवकर केमोची गोळी दिलेले जास्त जगले नाहीत. म्हणजे थांबणं हाच उपचार आहे, डॉक्टर आळशी नाहीत. कित्येकांना पुढे बरीच वर्षं काही लागत नाही, काहींना कधीच नाही.

भाऊजी म्हणाले हे सगळं इंटरनेटवरचं. फाईल हॉस्पिटलची होती.

खाण्याचं म्हणाल तर मासे भात खाऊ दे त्यांना, खास पथ्य असं नाही, कच्चं आणि उघड्यावरचं टाळा. प्रतिकारशक्तीचा काढा मात्र कोणी आणून दिला तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, गुळवेलीने लिव्हर बिघडलेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनीच नोंदवल्यात. खरी काळजी इन्फेक्शनची, या आजारात पेशी ढीगभर पण कामाच्या कमी. वडील भातलावणीला उतरत असतील तर पायाला जखम असताना चिखलात अजिबात नाही, गमबूट घाला, आपल्याकडे लेप्टो, उंदरांच्या मुतातून चिखलपाण्यात पसरणारा ताप, किती आहे ते सांगायला नको. ताप १००.४ च्या वर गेला की मेडिकलमधून गोळी आणून घरी झोपायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची, आणि नागिणीची ती जिवंत विषाणू नसलेली, महाग आहे पण घ्या. जिवंत विषाणूवाली कुठलीच लस नको. आणि प्रत्येक रिपोर्टचे आकडे एका वहीत तारखेनिशी लिहा, एका आकड्याला अर्थ नाही, चढ कसा आहे ते दिसलं पाहिजे.

दुसरं मत घ्या, जरूर घ्या, पण रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरकडूनच, नात्यातल्या हुशार माणसाकडून नको.

आता हे माझं झालं, वडिलांचं वेगळं असू शकतं. काहींचा लवकर वाढतो, १७पी की टीपी५३ असं काही, म्हणजे पेशींच्या जनुकांतला बिघाड, रिपोर्टमध्ये निघालं तर औषधही वेगळं निवडावं लागतं, तेव्हा माझं बघून उपचार लांबवू नका. वेळ आली की मीही घेणार, आता गोळ्या चांगल्या आल्यात. भाऊजींचंही एक सांगते, तपासणीला गेले की तुतारी एक्सप्रेसचं तिकीट तेच काढतात, पहाटे स्टेशनवर तेच उभे असतात, पैसे घेत नाहीत. बागेचा विषय तरी दर वेळी काढतातच. तुमच्याकडे कोणी वडिलांच्या आजारपणासाठी म्हणून जमिनीच्या कागदावर सही मागायला आलं तर उपचार कुठला, लिहून कोणी दिला आणि खर्च किती, एवढं विचारा, आणि उत्तर येईस्तोवर पेन देऊ नका.