आधी अक्षर, अर्थ नंतर

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मधले चार दिवस उजवं मनगट रुसलं होतं. हे कारण तुला सांगताना ओशाळं व्हावं लागत नाही. आपल्या दोघांच्या आजाराचा हा एकुलता एक फायदा.

तू विचारलंयस, "माइंडफुलनेसने दुखणं जातं का?" नाही जात. माझा आमवात, म्हणजे तुझ्या फाइलवर लिहिलेला तोच रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, २२ वर्षांचा आहे. सजगतेचा, म्हणजे याच माइंडफुलनेसचा, सराव १४ वर्षांचा. दुखणं अजून मुक्कामाला आहेच. तरी मी सराव सोडला नाही. का सोडला नाही, तेवढंच या पत्रात सांगायचं आहे.

तू मोबाइलवरच्या ॲपचं ऐकून तीन दिवस डोळे मिटून बसलीस आणि चौथ्या दिवशी सोडून दिलंस. "लक्ष दिलं तर जास्तच दुखलं," असं लिहिलंयस. खरं आहे, तसं होतं. जिथे नजर खिळते तिथलं मोठं दिसतं. त्यात तुझं काही चुकलेलं नाही. पहिल्याच दिवशी तुला सगळ्यात ठणकणाऱ्या सांध्यापाशी नेऊन उभं केलं, ही सांगणाऱ्याची घाई.

मी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं, हे तुला ठाऊक आहे. या कामातला पहिला धडा असा की वाचता येणारा माणूस शब्द पुरता वाचतच नाही. पहिली दोन अक्षरं बघतो आणि उरलेला शब्द मनानेच पुरा करतो. म्हणून 'आवश्यकता'मधला 'य' गळून 'आवश्कता' छापलं गेलं तरी डोळा त्यावरून खुशाल घसरत जातो. मी शिकाऊ होतो तेव्हा वरिष्ठ ओळीखाली पट्टी धरायला लावायचे. म्हणायचे, "आधी अक्षर. अर्थ नंतर." कधी कधी परिच्छेद शेवटच्या शब्दापासून उलटा वाचायला लावायचे. उलटं वाचलं की अर्थाची साखळी तुटते आणि सुटलेली वेलांटी, उलटा पडलेला उकार आपसूक डोळ्यांत भरतो.

दुखणंसुद्धा मी असंच, अंदाजाने वाचत होतो. आठ वर्षं.

एक सकाळ सांगतो. पहाटेचे साडेपाच. घशाला कोरड पडलेली, उशाशी पाण्याची बाटली. झाकण फिरवायला गेलो, तर बोटं झाकणाभोवती वळेनात. क्षणभरात मनाने सगळं वाचून टाकलं: आजचा दिवस गेला, औषध लागू पडत नाही, वर्षभरात पेन धरता येणार नाही, पुढे शर्टाची बटणंही दुसऱ्याने लावायची. बाटली अजून हातातच होती. झाकण तसूभरही फिरलं नव्हतं, आणि मी पुढची दहा वर्षं वाचून मोकळा!

त्या सकाळी पहिल्यांदा ओळीखाली पट्टी धरल्यासारखं केलं. काय आहे? उजव्या हाताचं मधलं बोट, त्याचा मधला सांधा. तिथे ऊब. कातडी ताणल्यासारखी. अंगठ्याच्या मुळाशी एक ओढ, ती येते, थांबते, पुन्हा येते. करंगळीत काहीच नाही. डाव्या हातात ताठरपणा आहे, पण ठणका नाही. आणि जबडा? जबडा करकचून आवळलेला. बाटली उघडायला जबडा कशाला लागतो? तो सोडला तसे खांदे उतरले. ते कानांपर्यंत चढलेत हे तोवर कळलंच नव्हतं. मग बाटली मांडीत धरून तळव्याने झाकण फिरवलं. उघडलं. बोट दुखतच होतं. पण 'आजचा दिवस गेला' हे वाक्य मूळ प्रतीत नव्हतंच, ते मी माझ्या पदरचं घातलं होतं.

सजगता म्हणजे माझ्यापुरती एवढीच: मूळ प्रतीत काय आहे ते बघणं. मनःशांती वगैरे कधी मिळाली तर मिळाली. मी तिच्यासाठी बसत नाही.

हे काही माझं एकट्याचं खूळ नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात याचा वर्ग सुरू केला, तो आपल्यासारख्यांसाठीच. पुढे तो ८ आठवड्यांचा ठरला. जिथे डॉक्टरांचे उपाय संपत आले होते, पण रुग्णाचं दुखणं संपलं नव्हतं, असे लोक तिथे येत. रोज पाऊण तास घरी सराव करायचा. पडून राहून शरीरावरून लक्ष फिरवायचं, डाव्या पायाच्या अंगठ्यापासून थेट डोक्यापर्यंत. मुळं अर्थात फार जुनी. पाली भाषेतल्या 'सति'चंच हे नवं रूप, आणि 'सति' म्हणजे आपली 'स्मृती'. गंमत बघ, आठवण या शब्दातून 'आत्ता इथे असण्याचं भान' निघालं.

उपयोग किती होतो, याचा आकडा हवा असेल तर २०१६ साली प्रसिद्ध झालेला कंबरदुखीवरचा एक अभ्यास आहे. जुनाट कंबरदुखीची ३४२ माणसं. २६ आठवड्यांनंतर हालचालींत चांगला फरक पडलेले लोक सजगतेच्या गटात ६०.५ टक्के निघाले, आणि नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत ४४.१ टक्के. विचार-वर्तन उपचार घेतलेला तिसरा गट ५७.७ वर होता, म्हणजे सजगतेच्या जवळपास बरोबरीने. मी हे आकडे असे वाचतो: शंभरांत सोळाएक माणसांना जास्तीचा फायदा, आणि चाळिसांना सजगता शिकूनही तेवढा फरक नाही. जादू नाही, थोतांडही नाही. आणि तुझ्या समाधानासाठी सांगतो, ८ पैकी निदान ६ वर्गांना हजर राहणारे निम्म्याहून थोडेच जास्त होते. तेव्हा चौथ्या दिवशी सोडून दिलंस याचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

त्याच साली आलेला आणखी एक प्रयोग मला आवडतो. निरोगी माणसांच्या कातडीला गरम चटका द्यायचा आणि ध्यान करताना तो कितपत जाणवतो ते विचारायचं. शरीर स्वतःच अफूसारखी वेदनाशामकं तयार करतं, त्यांचा रस्ता अडवणारं नालोक्सोन हे औषध त्यांना दिलं. तरीही ध्यानाने वेदना कमी झाली ती झालीच. म्हणजे यात काम करणारी वाट निराळी असावी. अर्थात तो घटकाभराचा चटका. आपल्या सांध्यांचा संसार वेगळा, हे विसरून चालणार नाही.

आता दोन बाणांची गोष्ट. संयुत्तनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या एका सुत्तात, म्हणजे उपदेशात, ती आहे: पहिला बाण शरीराला लागतो, आणि शोक, चरफड यांचा दुसरा बाण मनाला. गोष्ट थोर आहे. पण ती आजारी माणसाच्या तोंडावर ज्या पद्धतीने फेकली जाते, तिचा मला संताप येतो. "दुसरा बाण तूच मारून घेतेस" असं कुणी म्हणालं, तर हो-ना न करता दुसऱ्या खोलीत जा. आपल्या अंगातले निम्मे दुसरे बाण बाहेरून आलेले असतात. "एवढ्या लहान वयात कसं काय गं?" हा एक. "दिसत तर नाही आजारी" हा दुसरा. "औषधं सोड, मनाने बरं हो" हा तर विषारी. असं वाक्य कानांवर पडलं की छातीत काय होतं, घसा कसा आवळतो, तेवढं टिपून घे. त्या माणसाला समजून घेण्याची सक्ती तुझ्यावर नाही.

औषधांवरून आठवलं. सजगता औषधांच्या जागी बसत नाही, औषधांच्या शेजारी बसते. आपल्या आजारात सूज आटोक्यात नसली तर सांधा आतून झिजत जातो, मग तू कितीही शांत बसलेली अस. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. वार ठरव, कॅलेंडरवर खूण कर, आणि गोळी तोंडात टाकण्याआधी पाकिटावरचं नाव वाच. अंदाजाने नाही, अक्षर न् अक्षर. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. सजग राहायला याहून चांगलं निमित्त दुसरं कुठलं शोधू?

मग सुरुवात कुठून करायची? जिथे दुखत नाही तिथून. मी कानाच्या पाळीपासून केली होती, हसू नकोस. पाच मिनिटं पुरेत. कानाची पाळी, मग नाकपुडीशी येणारी हवा, मग पाठीखालची गादी. काहीच न दुखणाऱ्या अशा दोन-तीन जागा पाठ झाल्या की एखाद्या दिवशी दुखऱ्या सांध्याच्या कडेपर्यंत जायचं. मधोमध नाही, कडेला. ठणका कुठे संपतो? त्याची हद्द सापडते का? 'अख्खा हात' दुखतोय असं वाटतं तेव्हा बहुतेकदा तीन सांधे निघतात, आणि उरलेला हात त्यांची री ओढत असतो. हद्द दिसली की पुन्हा कानाच्या पाळीवर यायचं. जा-ये करायची, तिथे मुक्काम ठोकायचा नाही.

आजार उसळलेला असेल, ताप, सूज, सगळं एकदम, तर आत बघूच नकोस. तेव्हा बाहेरचे आवाज ऐक, नाहीतर सरळ झोप. आणि डोळे मिटल्यावर जुनं काही भयंकर वर येऊ लागलं, किंवा मन खोल खोल जायला लागलं, तर डोळे उघड, सराव थांबव आणि डॉक्टरांना सांग. काहींना हे झेपत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही.

माझ्या मते सजगतेची खरी कमाई बसण्याच्या वेळेत नाहीच, ती चांगल्या दिवशी कळते. वाईट दिवस आपल्याला आपोआप थांबवतो. घात करतो तो चांगला दिवस. एकदा बरं वाटलं म्हणून मी एका बैठकीत दोनशे पानं तपासली, सहा महिन्यांत पहिल्यांदा. त्यानंतरचे चार दिवस अंथरुणात. तोवर मी दुखलं की थांबायचो, म्हणजे नेहमी उशिराच थांबायचो. दुखण्याच्या आधी शरीर बारीक खुणा करतं. माझ्या खुणा अशा: पेनावरची पकड घट्ट होते, श्वास ओळीच्या शेवटापर्यंत रोखला जातो, आणि लेखकाचा विनाकारण राग यायला लागतो. त्या दिसू लागल्यावर मी घड्याळ लावलं. वीस मिनिटं काम, मग हात मोकळे, बरं वाटत असलं तरी. बरं वाटत असतानाच उठणं हा या सगळ्यातला सर्वांत अवघड सराव आहे. मला अजून धड जमत नाही.

'स्वीकार कर' असं तुला सगळे सांगतात आणि तुझं डोकं फिरतं, असं लिहिलंयस. माझंही फिरायचं. तू सव्विसाव्या वर्षी कशाचा स्वीकार करायचा? मला तो शब्द माझ्या कामातूनच कळला. मजकुरात चूक सापडली की आधी तिच्याभोवती गोल करायचा, मग समासात दुरुस्ती लिहायची. गोल केला म्हणजे चूक पसंत पडली असं कुणी म्हणत नाही. पण 'ही चूक इथे नाहीच' म्हणत बसलं तर दुरुस्तीची खूण करायची कुठे? तुझ्या रागाभोवतीही गोल कर. राग आहे, छातीच्या डाव्या बाजूला आहे, गरम आहे. एवढं लिहून सोड. काही रागांना समासात लिहायला दुरुस्ती नसते. मला माझी आयुष्यभराची सतार सोडावी लागली, त्याभोवतीचा गोल आजही तसाच आहे.

तुझी पुढची तपासणी पंधरा दिवसांवर आहे ना? मागच्या वेळी डॉक्टरांनी "कसं आहे?" विचारलं आणि तू "खूप दुखतं" म्हणालीस, त्यांनी मान डोलावली, आणि तू रडवेली होऊन बाहेर आलीस. त्यांच्या बाजूने बघ. 'खूप' या शब्दावर त्यांना काही करता येत नाही. "सकाळी बोटं सैल व्हायला दीड तास लागतो, मागच्या महिन्यात चाळीस मिनिटं लागायची" असं म्हणालीस, तर सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो हे त्यांना आपल्या आजारात मोलाचं असतं, त्यावरून औषधाचा विचार होऊ शकतो. ही खबर तुझ्याशिवाय कुणालाही देता येणार नाही.

तेव्हा उद्यापासून एक वही कर. रोज तीन ओळी: कुठे, कसं, किती वेळ. आठ दिवस झाले की पानांचा फोटो काढून मला पाठव. सवयीप्रमाणे लाल पेन घेऊनच बसेन. शुद्धलेखनाला हात लावणार नाही. पण 'असह्य', 'नेहमीच', 'कायमचं' यांपैकी काही दिसलं, तर त्याखाली रेघ मारून समासात एवढंच विचारीन: मूळ प्रतीत आहे का?

तुझा,
काका