ओळखीचा चेहरा समोरून येतो तेव्हा

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. संध्याकाळी फिरायला निघालो की मागच्या गल्लीत एक वयस्कर गृहस्थ समोरून येताना दिसतात. ऐंशीच्या दशकात ते मराठी चित्रपटांत नायक होते, याबद्दल मला शंका नाही. आता हातात कापडी पिशवी असते आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी ते कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करतात. त्यांच्याशी बोलावे असे मला वाटते, पण पत्नी म्हणते की त्यांना त्रास देऊ नका. दरम्यान सोसायटीतल्या एकाने त्यांचा चोरून काढलेला फोटो ‘ओळखा पाहू कोण?’ असे लिहून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आहे. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बोलावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तुमच्या पत्नीचा संकोच सद्भावनेचाच आहे. परंतु ज्या माणसाने उमेदीची वर्षे लोकांसमोर उभे राहण्यात घालवली, त्याला ओळखूनही न ओळखल्यासारखे करून सगळ्यांनी बाजूने निघून जावे, यात त्याला मान वाटेलच असे नाही.

अभिनेते-दिग्दर्शक भगवानदादांचे उदाहरण घ्या. १९५१ मध्ये त्यांचा ‘अलबेला’ हा हिंदी चित्रपट आला, सी. रामचंद्र यांच्या संगीताने तो गाजला आणि दादांकडे जुहूचा बंगला व मोटारींचा ताफा आला. पुढचे चित्रपट पडत गेले, बंगला आणि मोटारी विकाव्या लागल्या आणि २००२ मध्ये निधन होईपर्यंतची अखेरची वर्षे त्यांनी दादरच्या चाळीत काढली. गणेशविसर्जनाच्या मिरवणुका त्या चाळीसमोर थांबत, ‘अलबेला’तल्या ‘भोली सूरत’ या गाण्याची धून वाजे आणि दादा बाहेर येऊन आपली ती प्रसिद्ध पावले टाकत, असे सांगतात. बंगल्याचे काय झाले, हे त्या वेळी त्यांना कोणी विचारत नसे. लोक त्यांना त्यांच्या कामाने हाक मारत होते.

याउलट, रवींद्र महाजनी यांच्यासारखा एके काळचा देखणा नायक जुलै २०२३ मध्ये तळेगाव दाभाडेजवळच्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळला आणि ते गेल्याचे आसपास कोणाला लगेच कळलेही नव्हते. कोणाच्या नमस्काराने ते टळले असते असे म्हणणे आगाऊपणाचे ठरेल. मात्र रोज दिसणारा माणूस आज दिसला नाही, हे जाणवण्यासाठी त्याच्याशी आधी थोडेफार बोलणे झालेले असावे लागते.

आता बोलावे कसे? त्यांची वाट न अडवता नमस्कार करावा आणि तुम्हाला खरोखर आठवणाऱ्या एखाद्या भूमिकेचा किंवा प्रसंगाचा उल्लेख करावा. ‘हल्ली दिसत नाही पडद्यावर’, ‘सध्या काय चालू आहे?’ असले प्रश्न टाळावेत. ‘माझी आई तुमची फार चाहती होती’ हे वाक्यही, कितीही खरे असले तरी, पहिल्याच भेटीत वापरू नये. ऐकणाऱ्याला त्यात कौतुकाआधी स्वतःचे वय ऐकू येते. त्यांनी ‘तुमचा काही तरी गैरसमज होतो आहे’ असे म्हटले, तर हसून पुढे जावे आणि पुन्हा तो विषय काढू नये. राहिली कोथिंबीर. तिच्यावरून त्यांच्या परिस्थितीचा अंदाज बांधू नका. घासाघीस हे हलाखीचे लक्षण मानले, तर निम्म्या पुण्याला मदतीची गरज आहे असे म्हणावे लागेल.

फोटो मात्र काढून टाकायला लावावा, तोही ग्रुपवर वाद न घालता, ज्यांनी टाकला त्यांना स्वतंत्रपणे फोन करून. त्यात गल्ली ओळखू येते, फिरण्याची वेळ कळते आणि असे फोटो ‘पाहा, काय अवस्था झाली!’ अशा मथळ्याखाली फिरू लागायला वेळ लागत नाही. तुम्हाला स्वतःला फोटो हवा असेल, तर चार वेळा बोलणे झाल्यावर विचारून दोघांचा काढावा. ‘आज नको, दाढी केलेली नाही’ असे उत्तर आले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला हरकत नाही.