मुद्दल कधी सुटेल?

प्रिय मित्रा,

वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहेस, कॉलेजच्या नाटकांचा जमाखर्च सांभाळतोस आणि पदवी मिळाली की थेट निर्माता व्हायचं म्हणतोस. भांडवल बाबा घालणार, पण वर्षभरात मुद्दल परत यायला हवं ही त्यांची अट. तशी हमी देता येईल का, हा तुझा प्रश्न.

नाही देता येणार. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, पाचातल्या एखाद्याच निर्मितीचं भांडवल पुरतं वसूल होतं, असं त्या धंद्यातलेच लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

कॉलेजात तू एकच खर्च पाहिलास : तालमी, नेपथ्य, कपडे. व्यावसायिक नाटकात दुसरा खर्च पडदा उघडल्यावर सुरू होतो. नाट्यगृहाचं भाडं, कलाकार-तंत्रज्ञांचं मानधन, रॉयल्टी, जाहिरात. हे सगळं भागवून जे उरेल त्यातूनच मुद्दल सुटतं. समज, भांडवल १००, आठवड्याची विक्री १० आणि आठवड्याचा खर्च ८. उरले २, म्हणजे ५० आठवडे. विक्री ९ वर आली तर १०० आठवडे. ८ वर आली तर प्रयोग चालू, टाळ्या चालू आणि मुद्दल जिथल्या तिथे! बाबांना हे गणित कागदावर मांडून दाखव. अट किती नाजूक आहे ते त्यांना लगेच कळेल.

'विकेड' २००३ साली ब्रॉडवेवर आलं. १ कोटी ४० लाख डॉलरचं भांडवल सुमारे १४ महिन्यांत सुटलं. 'स्पायडर-मॅन: टर्न ऑफ द डार्क'ला साधारण साडेसात कोटी डॉलर लागले, आणि ते चालू ठेवण्याचा खर्चच आठवड्याला दहा लाख डॉलरच्या वर. काही आठवडे विक्री जबरदस्त झाली, तरी २०१४च्या जानेवारीत ते बंद झालं तेव्हा भांडवल वसूल झालेलं नव्हतं. ही दोन्ही संगीत नाट्यं. साध्या गद्य नाटकाला पैसा कितीतरी कमी लागतो. नामवंत नट घेऊन मोजक्याच आठवड्यांसाठी केलेलं नाटक तेवढ्यात मुद्दल सोडवूही शकतं. मात्र तो नट गेला की पुढची विक्री गृहीत धरू नकोस.

म्हणून सध्या बाबांचे पैसे घेऊ नकोस. एखाद्या निर्मात्याच्या किंवा नाट्यव्यवस्थापकाच्या हाताखाली नोकरी धर, पगार कमी असला तरी. तिकीट खिडकीचा आठवड्याचा हिशेब जिथे पूर्ण होतो तिथे बसायला मिळेल असं बघ. हाउसफुलच्या पाटीमागे सवलतीची तिकिटं किती आणि फुकट पास किती, हे तिथेच उमगतं. नाट्यव्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केलास तरी चालेल, पण माझं मत विचारशील तर आधी नोकरी.

पुढे बाबांना पैसे घालायचेच असतील, तर दुसऱ्या कुणाच्या नाटकात थोडा हिस्सा घेऊ देत, बुडाला तरी घर हलणार नाही एवढाच. मुद्दल सुटल्यावर नफा निर्माता आणि गुंतवणूकदार यांच्यात निम्मा-निम्मा, ही ब्रॉडवेवरची रूढ वाटणी. करारात तेवढंच पाहून थांबू नका. खर्च अंदाजाबाहेर गेला तर जादा पैसे कोण घालणार, आणि दौरे किंवा नाटकाचे हक्क विकून येणाऱ्या पैशांत तुमचा वाटा आहे का, हे सहीआधी विचारा.