चूल बंद, सुरी चालू

“मॅडम, हे म्हणतात आता घरात स्वयंपाक करायचाच नाही. मग मी दिवसभर ओट्यापाशी का उभी असते?”

फोंड्याजवळच्या एका गावातून आलेल्या त्या बाईंचं हे पहिलं वाक्य. पर्स अजून खांद्यावरच होती. उजव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी होती. नारळ खवताना आदोळीचं पातं लागलं होतं. एका दिवसात तीन नारळ.

घरातलं एक माणूस कुठून तरी नवा आहार घेऊन येतं आणि महिनाभरात अख्ख्या घराचं ताट बदलू पाहतं. बाकीच्यांनी साथ द्यायची, की विरोध करायचा? समुपदेशक म्हणून हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो. गोव्यात तो यावा यात नवल नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. त्यात मांद्रे-हरमलपासून खाली काणकोणपर्यंत किनाऱ्यावर योगाची, उपवासाची, कच्च्या अन्नाची शिबिरं. घाबरलेलं माणूस आणि उपाय सांगणारा, दोघं तासाभराच्या अंतरावर राहतात. यातलं एक घर इथे सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

नवरा पंचेचाळिशीचा, नोकरदार. घरात त्याची आई, चौदा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा. जानेवारीत साखर निघाली, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४. डॉक्टरांनी दोन गोळ्या सुरू केल्या. फेब्रुवारीत ऑफिसातल्या मित्राबरोबर तो चार दिवसांच्या शिबिराला गेला आणि परत आला तो ‘रॉ व्हेगन’ होऊनच. म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध, मध बंद, आणि उरलेलंही कच्चंच. ४२ ते ४८ अंशांच्या वर तापवलं की अन्न ‘मरतं’, त्यातली पचनाला मदत करणारी एन्झाइम्स जातात, असा त्यांचा हिशेब. पहिल्या पंधरा दिवसांत त्याने उकडे तांदूळ शेजारी देऊन टाकले, फ्रिजमधले बांगडे कामवालीला दिले आणि गॅसवर लाकडी फळी ठेवली. तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.९ आला. मग त्याच्याशी बोलणार कोण?

त्या बाईंना मी पहिल्या दिवशी सल्ला दिला नाही, एक वही दिली. आठवडाभर लिहायचं: कोणी काय धुतलं, चिरलं, भिजवलं, किती वेळ लागला, कोणी किती खाल्लं, काय उरलं. पुढच्या खेपेला वही आली. त्यातलं गुरुवारचं पान मला अजून आठवतं. सकाळी सहाला मूग उपसले. साडेसहाला नारळ. सातला काकडी, गाजर, बीट किसणं. दहाला बदामांची सालं. अकराला हॉर्टिकल्चरच्या (सरकारी महामंडळाच्या) गाड्यावरून भाजी, ती मिठाच्या पाण्यात. दुपारी झुकिनीच्या शेवया, मिक्सर धुणं. संध्याकाळी पुन्हा नारळ. बेरीज पाच तास दहा मिनिटं. त्याखाली तिने लिहिलं होतं, “पूर्वी आमटी-भात, भाजी, तळलेलं नुस्तं (मासे) मिळून अडीच तास.” आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात: “आईंनी वाटी तशीच ठेवली.”

आईंची गोष्ट सरळ होती. वय पंच्याहत्तर, खालचे चार दात शिल्लक. सकाळी अकराची पेज हा त्यांच्या दिवसाचा खांब. मुलाने मोड आलेले मूग पुढे केले की त्या एवढंच म्हणायच्या, “म्हाका पेज जाय.” मला पेज हवी. एकदा मात्र चिडून म्हणाल्या, “अळू कच्चा खाऊन दाखव, घसा खाजला की कळेल शिजवणं कशासाठी असतं.” म्हातारीला कॅल्शियम ऑक्झलेट हा शब्द माहीत नसेल, पण अळूतले त्याचे टोकदार कण घशाला काय करतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. राजम्याचं ज्ञान मात्र त्या घराला महागात पडलं. मोड आणलेला राजमा त्याने कोशिंबिरीत घातला आणि दोन तासांत घरभर उलट्या. राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन भिजवून, मोड आणून जात नाही. तो नीट उकळावाच लागतो.

दुसऱ्या बैठकीला नवरा आला, आणि तिथे माझं चुकलं. त्याने सोबत काजूंची पुडी आणली होती. “मॅडम, खा. गोव्याचे. शुद्ध, कच्चे.” मी हसत म्हटलं, “अहो, हे कच्चे कुठले? कवचातलं तेल कातडी भाजतं, म्हणून कारखान्यात बी आधी वाफवतात नाहीतर भाजतात, मग फोडतात. कच्चा काजू म्हणजे एप्रिलमध्ये बाजारात शेकड्यावर मिळतात ते ओले बिबे.” माहिती बरोबर होती. त्याचा चेहरा उतरला. पुडी मिटून खिशात गेली आणि पुढचे तीन आठवडे तो आला नाही. इतक्या वर्षांच्या कामानंतरही वाद जिंकायचा मोह सुटत नाही. शहाणपणा दाखवून मी एक माणूस घालवला होता.

त्या तीन आठवड्यांत दोन गोष्टी झाल्या. एका सकाळी ऑफिसला निघताना त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर ५८. दोन गोळ्यांतली एक स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी होती. खाणं निम्म्यावर आलं होतं, गोळी तेवढीच होती आणि आहार बदलल्याचं त्याने डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी ती गोळी कमी केली आणि बी-१२ तपासलं. ते बरंच खाली निघालं. वनस्पतींत बी-१२ भरवशाचं मिळत नाही, मग त्या कच्च्या असोत की शिजवलेल्या. त्यातून त्याची दुसरी गोळी मेटफॉर्मिन, तीही बी-१२ शोषण्यात अडथळा आणते. पण यकृतात साठा असतो आणि चार महिन्यांत इतकं उतरत नाही, म्हणजे आधीपासूनच कमी असणार. आता इंजेक्शनं लागली. हाच साठा लोकांना फसवतो. व्हेगन झालेल्या माणसाला वर्ष-दोन वर्षं काहीच होत नाही आणि त्याला वाटतं, बघा, गरज नव्हती.

दुसरी गोष्ट मुलीची. धाकटा आपली सोय आपणच करत होता. ट्यूशनहून येताना गाड्यावर रोस आमलेट खायचा आणि शर्टावर डाग घेऊन घरी यायचा. मुलगी मात्र वडिलांच्या दोन पावलं पुढे. त्यांनी एक फळ खाल्लं की ती अर्धं खायची. बाईंनी सहज सांगितलं, “हिची पाळी दोन महिने आली नाही. वयच तसं, होतं मागेपुढे.” मी हातातलं पेन खाली ठेवलं. जर्मनीतल्या गीसेन इथल्या संशोधकांनी १९९९ मध्ये कच्चं अन्न खाणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पंचेचाळिशीच्या आतल्या जवळपास ३० टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. वजन जितकं कमी, तितका त्रास जास्त. त्या तर मोठ्या बायका. ही वाढीच्या वयातली पोर, वजन पाच किलोंनी उतरलेलं. शंभर ग्रॅम काकडीत जेमतेम १५ कॅलरी, तेवढ्याच भातात १३०. मुलांचं पोट छोटं, ते आधी भरतं आणि शरीराला पुरेसं मिळालेलं नसतं. मी म्हटलं, समुपदेशन नंतर, आधी बालरोगतज्ज्ञ. हिमोग्लोबिन ९.६ निघालं. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली आणि शिजवलेलं जेवण लगेच सुरू करायला सांगितलं.

मुलीशी मी एकटीशी बोलले. या वयात ‘हेल्दी’ या नावाखाली उपाशी राहायची सवय लागू शकते, ते तपासायचं होतं. ती आरशाविषयी, वजनाविषयी काही बोलली नाही. बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिली आणि म्हणाली, “मी खाल्लं की पप्पा खूश असतात. जानेवारीपासून ते खूशच नव्हते.”

मुलीचा रिपोर्ट घेऊन तो परत आला. या वेळी मी आहाराचा विषय काढला नाही. विचारलं, “साखर निघाली त्या रात्री तुम्ही काय केलंत?” तो म्हणाला, झोपलो नाही. मग थांबत थांबत सांगितलं. त्याच्या वडिलांना मधुमेह होता. पायाच्या बोटाला जखम झाली, ती काळी पडली, शेवटी गुडघ्याखाली पाय कापला. तेव्हा हा बारावीत. आईला रक्त बघवत नसे, म्हणून रोज सकाळी पट्टी बदलायचं काम याच्याकडे. “तो वास अजून येतो मला. माझ्या पोराने माझी पट्टी बदलायची? नाही.” म्हणून मुलांनाही कच्चं. त्यांच्या अंगात हा रोग शिरायलाच नको.

त्याची बायको बाजूच्याच खुर्चीवर होती. लग्नाला सतरा वर्षं झालेली. ती म्हणाली, “पाय कापलेला माहीत होता. पट्टी तुम्ही बदलायचात हे नव्हतं माहीत.”

सिनेमात इथे सगळं सुटलं असतं. आमची पुढची बैठक नव्या ब्लेंडरच्या किमतीवरून भांडण्यात गेली. पण एक फरक पडला होता. ‘कच्चं बरोबर की चूक’ हा वाद मागे पडून ‘तुमची भीती कोणी किती वाहायची’ यावर बोलता येऊ लागलं. त्याला मी आणखी एक विचारलं: मासा खाणं पाप वाटतं म्हणून सोडला, की साखरेसाठी? प्राण्यांच्या कळवळ्याने व्हेगन झालेल्या माणसाशी तडजोड वेगळी असते, तिथे घरात मासा शिजणंच त्याला टोचतं. हा म्हणाला, “पाप कसलं? स्वप्नात बांगडा येतो.” बायको पहिल्यांदा हसली.

मग साखर उतरली कशाने, हे त्यालाच मांडायला लावलं. वजन सात किलो कमी, पाव-बिस्किटं बंद, गोड चहा बंद, रात्री नऊची फेणी बंद, रोज पाऊण तास चालणं. आणि गोळ्या चालूच. यात चूल बंद करण्याचा वाटा किती, हे त्यालाही सांगता येईना. वनस्पतींतली एन्झाइम्स पोटातल्या आम्लात बहुतेक मोडून जातात आणि पचनाची आपली आपण बनवतो, हे त्याने डॉक्टरांनाच विचारलं. माझ्याकडून ऐकायची त्याची तयारी नव्हती, आणि त्यात काही गैर नव्हतं. त्याउलट मेच्या आंब्यांनी त्याला जे शिकवलं ते कोणाला शिकवता आलं नसतं. ‘फळ आहे, चालतं’ म्हणत जेवणाऐवजी तीन मानकुराद खाल्ले आणि दोन तासांनी मीटरवर २६०.

ठरलं ते फार मोठं नव्हतं. दुपारचं ताट त्याचं कच्चं, पण धुणं-चिरणं-खवणं त्याने करायचं. गॅसवरची फळी निघाली. मुलांना आणि आईंना शिजवलेलं. रात्री सगळ्यांच्या पानात एक-दोन कच्चे पदार्थ, आणि ते शोधायला झुकिनीपर्यंत जायची गरज नव्हती. तोराचं (कोवळ्या कैरीचं) करम, काकडीची कोशिंबीर, वरून खवलेला नारळ, फोडणीशिवायची सोलकढी. आपल्या ताटात कच्चं होतंच, कोपऱ्यात होतं. दुसऱ्याच्या ताटाला ‘विष’ म्हणायचं नाही, हे बाईंनी घातलेलं कलम. ‘जनावराचा चारा’ म्हणायचं नाही, हे त्याने. बी-१२ कायम, तिमाही तपासणी, गोळ्यांत बदल डॉक्टरांना विचारूनच.

स्वतः आदोळीवर बसायला लागल्यावर तीन नारळांचा एक झाला, तोही आठवड्याभरातच. कच्च्या अन्नाची निष्ठा चार जेवणांवरून एकावर यायला साधारण दीड महिना लागला. मी काही म्हटलं नाही. कोणी स्वतःच्या हाताने चिरून रोज एक मोठं ताट भाजी खात असेल तर त्यात अडवण्यासारखं काय आहे?

मुलीची पाळी ऑगस्टमध्ये आली. तिच्याकडे मी अजून महिन्यातून एकदा बघते. वजन परत आलंय, पण वडिलांचा चेहरा वाचायची सवय तशीच आहे, आणि ते काम लांबचं आहे. आईंची पेज पहिल्या आठवड्यातच सुरू झाली होती. आता सुट्टीच्या दिवशी तोच ती वाढतो, वर तोरांचं लोणचं.

दिवाळीनंतर बाई शेवटच्या म्हणून आल्या. अंगठ्यावर बारीकशी खूण राहिली होती. म्हणाल्या, नरकचतुर्दशीला सकाळी घरात पुन्हा वाद. रोसातले फोव, म्हणजे नारळाच्या रसातले गूळ घातलेले पोहे, कच्चे धरायचे की शिजवलेले? नारळाचा रस कच्चा, आणि फोव तर फक्त भिजवायचे. म्हणजे कच्चेच, असं बापलेकीने मिळून ठरवलं आणि दोन-दोन वाट्या खाल्ल्या.

फोव करताना साळी भिजवून, भट्टीत भाजून मगच कांडतात. गुळाची तर काहिलच चढते. मी मान हलवली आणि विचारलं, “दोन तासांनी मीटरवर किती?”

“१६२. लिहून ठेवलंय त्यांनी.”